स्कॉलरशिपचं विचारलंस म्हणून

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. एमएस्सी एन्व्हायर्नमेंट झालंय, आता पीएचडी करायची, पण घरून पैसा येणार नाही, तर स्कॉलरशिप कुठली भरू, असं विचारलंस. सोबत विषय पण पाठवलास, ‘मराठवाड्यावर हवामान बदलाचा परिणाम’. आधी विषयाचंच बोलतो कारण पैशाचं गाडं तिथंच अडतं.

मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे बाबा. पाऊस, पिकं, स्थलांतर, भूजल, सगळं त्या एका ओळीत कोंबलंय, आणि इंटरव्ह्यूला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारणार की तू नेमकं मोजणार काय? तिथं गप्प झालं की संपलं. लातूरकडच्या पोरांची आणखी एक सवय, प्रपोजलची सुरुवात रेल्वेनं करायची. २०१६ च्या एप्रिलमधे दुष्काळात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, हे कमिटीला पाठ झालंय आता. तू तिथून पुढं जा ना. त्याच उन्हाळ्यात तुमच्या औशाकडं काही बोअर चालू होते आणि बांधाला बांध लावून असलेले कोरडे, असं का? आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी थांबतं ते त्याच्या भेगांत नाहीतर वरच्या मुरमात, म्हणून शेजारच्या दोन विहिरींचं सुद्धा जमत नाही. आता त्यात ऊस किती, बोअर किती खोल गेले, जलयुक्त शिवार योजनेची कामं कुठं झाली आणि कुठं नुसता बोर्ड लागला, हे एका पाणलोटापुरतं धर. चार-पाच गावं बास. हा झाला एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंटचा विषय, कारण यात पाणी पण आहे आणि ते वापरायचं कुणी ठरवलं हे पण आहे.

डेटाचं टेन्शन घेऊ नको. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. अर्ज करून माग. बाकीचं तुला टेप घेऊन स्वतःच फिरावं लागेल, आणि खरं सांगू का, प्रपोजलमधे ‘मी अमुक गावातल्या विहिरी उन्हाळ्यात मोजून आलोय’ एवढी एक ओळ असली तरी वाचणारा ताठ बसतो.

आता पैसा. नेट-जेआरएफ पहिलं, म्हणजे नेट ही देशपातळीवरची परीक्षा आणि त्यात वरचे मार्क पडले की मिळणारी संशोधनाची फेलोशिप म्हणजे जेआरएफ. २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे सिनियर फेलोशिप झाली की ४२,०००, एचआरए म्हणजे घरभाडं वेगळं. यूजीसी नेटला एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस हा विषयच आहे, जून-डिसेंबरला परीक्षा. जेआरएफ नाही बसलं तरी आता नेटच्या स्कोअरवर पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळते, त्यात ७० टक्के वजन स्कोअरला आणि ३० इंटरव्ह्यूला, फक्त जेआरएफ नसेल तर तो स्कोअर पीएचडीच्या अ‍ॅडमिशनला एकच वर्ष चालतो, नंतर परत परीक्षा. मग राज्याच्या संस्था, बार्टी अनुसूचित जातीसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी, टीआरटीआय आदिवासींसाठी. तू ज्यात बसतोस तिची जाहिरात आली की मुदत कमी असते आणि तेव्हाच सगळी पोरं तहसीलला पळतात. जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, हे आजच काढायला टाक, जाहिरातीची वाट बघू नको. वैधता तर मुळीच लांबवू नको.

आणि फेलोशिप कुठलीही असो, पैसे दर महिन्याला पगारासारखे पडतील असं धरून रूम घेऊ नको. पाच-सहा महिन्यांचं एकदम येऊ शकतं. तोवरचा मेसचा खर्च कुठून, हे घरी आत्ताच मोकळं बोल.

बाहेर देशाचं पण विचारलंस. चेव्हनिंग म्हणजे ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप, ती आणि डाड (DAAD) या जर्मनीच्या स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेच्या डेव्हलपमेंटवाल्या कोर्सेसना दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, एमएस्सीचा निकाल हातात घेऊन फॉर्म भरणारी पोरं तिथंच गळतात. चेव्हनिंग तर एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, पीएचडीला नाही, वर परत येऊन दोन वर्षं देशात रहायची अट. त्यापेक्षा जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनकडं पीएचडी ही बरेचदा नोकरीच असते, जाहिरात निघते, पगार मिळतो, ते बघ. पण तुझ्या औशाच्या विहिरी तिथल्या प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधे बसतीलच असं नाही, तेव्हा काय सोडायचं ते तुझं तू ठरव. माझं मत विचारशील तर आधी इथली पीएचडी.

गाइडला मेल करताना ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड’ हे पन्नास जणांना एकदम पाठवायचं बंद कर. संभाजीनगर, नांदेड, नागपूरचं नीरी म्हणजे पर्यावरण संशोधन संस्था, पवईचं आयआयटी, प्रत्येक ठिकाणचे एक-दोन जण निवड, त्यांचा एक तरी पेपर पूर्ण वाच, त्यातलं काय पटलं नाही ते दोन ओळीत लिही आणि खाली तुझा प्रश्न. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण दे, रोज नको. आणि ज्याच्याकडं जायचंय त्याच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना गुपचूप फोन करून विचार की सर थिसिस किती दिवसात वाचून देतात. हे कुठल्या वेबसाइटवर लिहिलेलं नसतं.

तर आधी एक पान लिहून पाठव, मराठीत चालेल, इंग्रजी नंतर बघू. कुठला पाणलोट, काय मोजणार, कधी मोजणार, एवढंच. हवामान बदल हा शब्द त्यात नसला तर आणखी बरं.

तुझा,
सर