७२ तासांची गोळी आणि रोजची गोळी

अगं, कळव्यातल्या वस्तीत आशा सेविका म्हणून फिरायला लागलीस की पोरी हळूच विचारतील, "ताई, संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची मेडिकलातली ती ७२ तासांची गोळी दर वेळी घेतली तर चालेल?" नाही चालत, हे नीट समजावून सांग. त्या एका गोळीत १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं, माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळीतल्यापेक्षा दहापट. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर उपयोग जवळपास नाही. म्हणून ७२ तास संपत येईपर्यंत वाट बघू नये, संबंधांनंतर लगेच घ्यावी. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. पुढच्या संबंधांनाही संरक्षण नाही!

माला-एन रोज घेतली तर बीज सुटतच नाही. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या, त्या दाखवच. बायका त्या टाकून देतात आणि नवं पाकीट सुरू करायची तारीख चुकते.

पाळी आठवडाभर लांबली तर गर्भ राहिलाय का हे कळायला लघवीची तपासणी करायला सांग.