येळवशीला पोटभर जेव, दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नकोस

*मावशी, दिवाळीत तीन दिवस माहेरी होते, वजन दीड किलो वाढलं. परत आल्यावर चार दिवस काकडी आणि ताकावर काढले. मग एका रात्री उभ्या उभ्याच डब्यातल्या करंज्या संपवल्या आणि रडत बसले. आता येळवस (वेळा अमावस्या, रानात जेवायचा सण) आलीय. नाही जेवले तर सासूबाई नाराज होतात, जेवले तर मलाच माझा राग येतो. परवा नऊ वर्षांची लेक विचारत होती, 'आई, मीपण कमी जेवू का?'*
*– एक वाचक, लातूर*

लेकी,

आधी पोरीचं बघ. तिला आजच सांग, 'नाही गं, तुझं वाढायचं वय आहे, भूक लागेल तेवढं जेव.' आणि तिच्या शेजारी बसून तूही जेव, कारण ती तुझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या ताटाकडे बघते. तिच्यासमोर काट्यावर उभं राहणं बंद कर.

तो दीड किलो चरबीचा नव्हता. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे तीन दिवसांत दीड किलोसाठी रोजचं जेवण सोडून वर दररोज जवळपास चार हजार! एवढं कुणी फराळात खात नाही. चकली-शेवेतल्या मिठानं अंगात पाणी धरलं जातं. शिवाय गोडाधोडातून जी साखर शरीर साठवून ठेवतं, तिच्या एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते आपोआप उतरतं.

आणि त्या करंज्या. तो हावरटपणा नव्हता गं, ती चार दिवसांची भूक होती. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांचं समाधान होईना. तू काकडीवर राहिलीस तेव्हाच ती रात्र ठरून गेली होती. म्हणून माझं सांगणं सणातल्या खाण्याबद्दल नाहीच, ते दुसऱ्या दिवशी तू स्वतःला जो दंड करतेस त्याबद्दल आहे. तो दंड बंद कर.

येळवशीला सकाळी घरून काहीतरी खाऊन निघ, दुपारसाठी पोट रिकामं ठेवू नकोस. कोपीत, म्हणजे रानातल्या कडब्याच्या खोपीत, पांडवांची पूजा झाली की सगळ्यांसोबत मांडी घालून बस. भज्जीत काय असतं ते आठव: तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, चिंच, बेसन. सोबत बाजरीचे उंडे, माठातली थंडगार आंबील. वर्षातून एकदा रानात बसून मिळणारं हे जेवण आहे, आणि मला तर आपल्या भागातला याहून गोड सण ठाऊक नाही. त्यात पाप कुठलं? खीर नको असेल तर सासूबाईंना म्हण, 'आत्या, खीर अर्धीच वाटी वाढा, भज्जी मात्र परत मागणार आहे.' मागून खाणाऱ्या सुनेवर कोण रुसतं? पोट भरलं की हात धू. दुसऱ्या दिवशी मुरलेली भज्जी आणखी चवदार लागते, ती भाकरीसोबत खा. काकडी खायची तर कोशिंबिरीत.

मधुमेह असेल तर गोडाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरव. पत्रात तू तसं काही लिहिलेलं नाहीस.

एक गोष्ट मात्र मला मोकळेपणानं कळव. असं लपून खाणं नि नंतर रडणं वरचेवर होतं का? खाल्लेलं ओकून टाकावंसं वाटतं का? तसं असेल तर एकटीनं सोसू नकोस, मानसोपचारतज्ज्ञांना भेट. दवाखान्यात जायचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तुझी मावशी