गाईचा चारा आणि कुरणातला नायट्रस ऑक्साइड

प्रश्न : माझा भाऊ न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागात एका डेअरीवर नोकरीला आहे. मालकाने कुरणात प्लँटेन नावाची वनस्पती पेरली आहे. त्यामुळे जमिनीतून निघणारा हरितगृह वायू कमी होतो म्हणे. गाय ढेकर देते त्या मिथेनबद्दल ऐकलं आहे, पण चाऱ्याचा जमिनीशी काय संबंध?
— एक वाचक, फलटण

उत्तर : संबंध आहे तो मूत्राचा. रायगवत आणि क्लोव्हर (घासासारखा शेंगवर्गीय चारा) यांच्या कोवळ्या कुरणात कोरड्या वजनावर २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. दुभत्या गाईला १६-१७ टक्के पुरतात. जादा प्रथिनांचा पोटात अमोनिया होतो, यकृतात युरिया होतो आणि तो मूत्रावाटे बाहेर पडतो.

हिशेब मांडून पाहा. गाय रोज १८ किलो कोरडा चारा खाते, त्यात २२ टक्के प्रथिनं, म्हणजे सुमारे ६३५ ग्रॅम नत्र (प्रथिनांना ६.२५ ने भागायचं). २० लिटर दुधात साधारण १०५ ग्रॅम जातं, शेणात १४५ च्या आसपास. उरलेलं ३८५ ग्रॅम मूत्रात. प्रथिनं १६ टक्क्यांवर आणली, तर दूध आणि शेण जवळपास तेवढंच राहून मूत्रातलं नत्र २१० ग्रॅमवर येतं. काटछाट जवळजवळ सगळी मूत्रातच होते.

गाय एका वेळी दोनेक लिटर मूत्र टाकते, तेही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. त्या ठिपक्यावर नत्राचा मारा हेक्टरी ६०० किलोच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या २९ गोण्या! एवढं नत्र गवत उचलणार कसं? जिवाणू त्याचं आधी अमोनियम, मग नायट्रेट करतात. जमीन ओली आणि खुरांनी दाबलेली असली की हवेअभावी नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक. म्हणून तिकडचा ओला शरद आणि हिवाळा जास्त त्रासाचा.

प्लँटेन ही आपल्या इसबगोलाच्या जातकुळीतली. ती खाल्ल्यावर गाय जास्त आणि पातळ मूत्र टाकते, त्यामुळे एकेका ठिपक्यावरचं नत्र घटतं. बी मिश्रणात हेक्टरी २ ते ४ किलो, सेंटीमीटरभर खोलीवर. खोल गेलं की उगवण मार खाते. परिणाम दिसायला आहारात तिचा वाटा चांगला हवा, शेतात चार-दोन रोपं असून भागत नाही. दोन-तीन वर्षांत ती विरळ होते, पुन्हा बी टाकावं लागतं. रुंद पानांच्या तणांवरचं औषध फवारलं तर तणाबरोबर तीही जाते.

मक्याच्या मुरघासाने (प्रथिनं ८ टक्क्यांच्या आसपास) आहारातलं प्रथिनांचं प्रमाण खाली आणता येतं. पण त्यासाठी कुरण नांगरून खत घालून मका घेतला, तर वायू एका शेतातून दुसऱ्या शेतात नेल्यासारखंच.

प्रश्न : आमच्याकडे गाई गोठ्यातच असतात. आम्ही प्रथिनं कमी करावीत का?

उत्तर : आधी पाहा जास्त आहेत का. कडब्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपासच असतात. नुसत्या कडब्यावरची गाय उपाशीच समजा. लसूणघास भरपूर आणि वर सरकी पेंड असेल, तरच शंका घ्या. दुधातल्या युरिया नत्राची तपासणी करून घ्या : १०० मिलिलिटरमध्ये १६ मिलिग्रॅमच्या वर वारंवार आलं, तर पेंड हळूहळू कमी करून मुरघास किंवा मक्याचा भरडा वाढवा. एकूण प्रथिनं १४ टक्क्यांच्या खाली नेऊ नका. पोटातल्या जिवाणूंना नत्र कमी पडलं की कडबा नीट पचत नाही, खाणं घटतं आणि दूध उतरतं.