उकड जमते त्यांना चीज पफही जमतील

गेल्या अंकात गूझेर या फ्रेंच चीज पफची कृती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेते. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण निम्म्याहून अधिक पत्रांत तीच तक्रार आहे.

काकू, ओव्हनच्या काचेतून बघताना पफ इतके सुरेख फुगतात की मुलं तिथून हलत नाहीत. बाहेर काढले की पाच मिनिटांत बसतात आणि आतून ओलसर लागतात. चिमूटभर बेकिंग पावडर घालू का? माझ्याकडे साधा ओटीजी आहे.
– एक वाचक, कोथरूड

बेकिंग पावडर अजिबात घालू नका. हे पफ फुगतात ते निव्वळ वाफेवर. पिठातल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते, ती पीठ आतून ताणते आणि मध्ये पोकळी तयार होते. तेवढ्यात अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट झाले, की कवच फुगलेल्या आकारात उभं राहतं. तुमचे पफ फुगतात, म्हणजे वाफेचं काम चोख होतंय. कवच तेवढं कच्चं राहतंय. बाहेर आल्यावर आतली वाफ निवते, तिचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि मऊ कवच आत ओढलं जातं.

कवच कच्चं का राहतं, याचं उत्तर अर्धं ओव्हनमध्ये आहे आणि अर्धं गॅसवरच्या पातेल्यात. आधी पातेल्याचं बघू.

गणपतीत तुम्ही उकडीचे मोदक करतच असाल. पाण्यात मीठ आणि तूप घालून उकळी आणायची, पिठी एकदम घालायची आणि भराभर ढवळायचं. गूझेरचं पीठ असंच करतात. पिठीच्या जागी मैदा, तुपाच्या जागी बटर. उकळत्या पाण्यात पडल्यावर मैद्यातला स्टार्च फुगतो आणि गार पाण्यात भिजवलेला मैदा धरेल त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. इथवर आपला हात तयार आहे. पुढे मात्र उलट वागायचं. मोदकाच्या उकडीवर आपण झाकण ठेवून दणदणीत वाफ आणतो, म्हणजे ती मऊ राहते. इथे झाकण ठेवायचं नाही. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं उकड सतत परतायची आणि जादा ओलावा उडवून लावायचा. उकड जितकी सुकेल तितकं जास्त अंडं ती पिते, आणि कवचाला उभं धरतं ते अंडंच. सवयीचा हात ‘झाली उकड’ म्हणून लवकर थांबतो. पत्रांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं.

पुरेशी सुकली हे ओळखायचं कसं? पातेल्याच्या बुडाशी पिठाचा पातळसा पांढरा पापुद्रा चिकटू लागतो आणि उकडीचा एक गुळगुळीत गोळा होऊन कडा सुटतात. म्हणून नॉनस्टिक भांडं नको, त्यात पापुद्रा धरतच नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या.

एका ट्रेला पुरेल असं प्रमाण पुन्हा देते. पाणी 125 मि.ली., बटर 50 ग्रॅम, मैदा 75 ग्रॅम, फेटलेलं अंडं साधारण 100 ग्रॅम, किसलेलं चीज 60 ग्रॅम, ताजी मिरपूड, आणि पुरणपोळीसाठी आणलेलं जायफळ घरात असेलच, ते थोडं किसून. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको, चीजमध्येही मीठ असतं. बटरचे लहान तुकडे करून गार पाण्यातच टाका. मोठा गोळा टाकलात तर तो वितळेपर्यंत पाणी उकळत बसतं, आटतं आणि प्रमाण बिघडतं. पूर्ण उकळी आली की गॅस बंद करून चाळलेला मैदा एकदम ओता, ढवळा, गोळा झाला की पुन्हा मंद गॅसवर ठेवून वर सांगितल्याप्रमाणे सुकवा.

अंडं वजनावर घ्या असं मी आग्रहानं सांगते. परदेशी कृतीत ‘दोन अंडी’ लिहिलेलं असतं ते तिथल्या मोठ्या अंड्यांच्या हिशेबानं. आपल्याकडची दोन अंडी फोडली की बरेचदा 85 ते 90 ग्रॅमच भरतात. तिसरं फोडून फेटून ठेवा आणि त्यातलं लागेल तेवढंच घ्या. उकड परातीत पसरून आधी निववा. अंडं 60 अंशांच्या थोडं वर आवळायला लागतं, गरम उकडीत घातलंत तर त्याच्या गाठी होतील. बोट आरामात टेकवून ठेवता आलं की उकड तयार समजा.

मग अंडं थोडं थोडं घालत घोटा. पहिल्या खेपेला उकड फुटते, बुळबुळीत गुठळ्या होतात आणि सगळं वाया गेलं असं वाटतं. घोटत राहा, मिनिटभरात ते पुन्हा एकजीव होतं. मगच पुढचं अंडं. कधी थांबायचं ते पीठच सांगतं. लाकडी उलथनं भरून वर उचला. पीठ एकदम ढेकळासारखं पडलं तर अजून अंडं हवं. धार लागली तर जास्त झालं. सावकाश घसरून खाली आलं आणि उलथन्याला त्रिकोणी शेपूट लोंबत राहिलं, की वाटीत अंडं उरलं असलं तरी तिथे थांबा. शेवटी चीज मिसळा, मूठभर वरून भुरभुरवायला ठेवा.

आता ओव्हन. ओटीजी 200 अंशांवर निदान वीस मिनिटं तापू द्या, दोन्ही कॉइल सुरू ठेवा आणि ट्रे मधल्या खाचेत. पंखा लावत असाल तर दहा-पंधरा अंश कमी. लहान लिंबाएवढे गोळे एकमेकांपासून दोन बोटं लांब टाका. पंधरा मिनिटांनी 180 वर आणा आणि आणखी बारा ते पंधरा मिनिटं भाजा. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. रंग बघताना माथ्याकडे बघू नका, माथा आधीच सोनेरी होतो. अंगावरच्या भेगांकडे बघा. भेगांच्या आत पांढुरकं दिसतंय तोवर पफ कच्चा आहे. तिथेही बदामी रंग आला, पफ हातात हलका लागला, की झालं. मग प्रत्येकाला बाजूनं सुईनं एक भोक पाडा, ओव्हन बंद करा, दाराला लाकडी चमचा अडकवून ते किलकिलं ठेवा आणि ट्रे दहा मिनिटं आतच राहू द्या. भोकातून वाफ निघून जाते, आतलं अंग सुकतं.

या कृतीत ग्रुयेर चीज लिहिलं आहे. किंमत ऐकून मी दुकानातून परत आले. चीज क्यूब किसून चालतील का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

चालतील, पण निम्मेच घ्या. ग्रुयेर स्वित्झर्लंडचं आणि कोंते सीमेच्या अलीकडचं, फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं. बर्गंडी प्रांत, जिथले हे पफ आहेत, तिथून फार दूर नाही, म्हणून ही दोन चीज त्यांच्या हाताशी असतात. दोन्ही महिनोन्‌महिने मुरवतात, कोंते तर किमान 4 महिने. मुरताना पाणी कमी होतं आणि चव दाट होते. पिठाला तेच हवं असतं: ओल कमी, चव जास्त.

क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज क्षार घालून असं बनवलेलं असतं की वितळताना त्यातून तेल सुटू नये. पिठात ते छान मिसळतं, पण भाजल्यावर खारट दुधाळ चवीपलीकडे हाती काही लागत नाही. निम्मं क्यूब आणि निम्मं मुरलेलं चेडार किंवा गौडा घ्या. ही दोन्ही भारतीय बनावटीची मिळतात आणि खिशाला परवडतात. पाव चमचा मोहरीची पूड घातलीत तर चीजची चव उठून येते. मोझरेला मात्र नको. त्यात पाणी जास्त, शिवाय त्याच्या तारा पिठाला जड करतात.

ग्रुयेर एकदा तरी खाऊन बघा असं मात्र मनापासून सांगेन. कॅम्पात किंवा कोरेगाव पार्कात आयात चीज ठेवणाऱ्या दुकानांत शंभर ग्रॅमचा तुकडा कापून मिळतो का विचारा. वरच्या प्रमाणाला 60 ग्रॅमच लागतं.

आमच्या घरी अंडं चालतं, मांस-मासे नाही. सासूबाईंना तर अंडंही चालत नाही. त्यांच्यासाठी बिनअंड्याचे करता येतील का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आणि तुम्ही न विचारलेला आधी घेते. ग्रुयेर, कोंते आणि अस्सल पार्मेजान ही चीज वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरून विरजतात. म्हणजे तुमच्या घरच्या नियमात ती बसत नाहीत. हे दुकानदार आपणहून सांगत नाही. आपल्याकडे बनलेल्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यातलं रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं. तुम्ही ठिपका बघून चेडार घ्या.

सासूबाईंसाठी बिनअंड्याचे पफ करू नका. कवच उभं करायला दुसरं काहीही अंड्याची जागा घेत नाही. दही, जवस, हरभऱ्याचं पाणी घालून जे होतं ते चपटं आणि चिवट असतं. त्यांना असं काहीतरी देण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळा, पण तितकाच चांगला पदार्थ करा. 150 ग्रॅम मैद्यात 75 ग्रॅम गार बटर चोळा, 100 ग्रॅम किसलेलं चेडार, मिरपूड आणि थोडा ओवा घाला, एक-दोन चमचे गार दुधानं गोळा करा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा आणि 180 अंशांवर पंधरा मिनिटं भाजा. खुसखुशीत होतात. ट्रे मात्र वेगळा ठेवा.

हे म्हणजे बेकरीत मिळतं ते पॅटिसच ना?
– एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ

नाही हो. पॅटिसला पदर असतात. पिठात चरबी घालून लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. गूझेरला लाटणं लागतच नाही. आत सारणही नसतं, पोकळीच असते. त्यात बटाटा भरायचा मोह आवरा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिठातच चीज आहे, ते पुरेसं बोलतं.

लेकीच्या वाढदिवसाला करायचे आहेत, जुलैत. आदल्या दिवशी करून ठेवले तर मऊ पडतील का? पाहुणे पंचवीस-तीस आहेत.
– एक वाचक, बाणेर

जुलैत पुण्याच्या हवेत तासाभरात मऊ पडतील. डब्यात बंद केले तर आणखी लवकर. म्हणून भाजून ठेवूच नका. कच्चे गोळे ट्रेवर टाकून फ्रीझरमध्ये दगडासारखे होऊ द्या, मग पिशवीत भरा. वाढदिवसाच्या दिवशी तसेच, न वितळवता, वरून चीज भुरभुरवून तापलेल्या ओव्हनमध्ये घाला आणि तीन ते पाच मिनिटं जास्त द्या. आठवडाभर आधी केलेत तरी चालतं. एवढ्या पाहुण्यांसाठी वरचं प्रमाण चौपट घ्या, पण उकड दोन खेपांत करा. मोठ्या पातेल्यात ती एकसारखी सुकत नाही आणि हातही भरून येतो. ट्रे एका वेळी एकच.

भाजलेले उरले तर 160 अंशांवर सहा-सात मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेत तर रबर होईल.

आणि वाढदिवस गुरुवारी येत असेल तर भाजायची वेळ जपून निवडा. आपल्याकडे विजेच्या दुरुस्तीची कामं गुरुवारी निघतात. पहिल्या वीस मिनिटांत वीज गेली तर ते पफ पुन्हा उठत नाहीत.

गोळे ट्रेवर टाकायला लागणारी पायपिंगची पिशवी आणि नळी बोहरी आळीत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. दोन चमच्यांनी टाकलेत तरी चवीत फरक नाही, थोडे ओबडधोबड दिसतात इतकंच.

ताई, मी पीजीमध्ये राहते. एअर फ्रायर आहे, ओव्हन नाही. होतील का? आणि कशाबरोबर खायचे?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

होतील गं. पंख्याचा झोत जोराचा असतो म्हणून तापमान 170 ठेव, आणि खाली कागद घालशील तर तो कडांनी उडून कॉइलला लागणार नाही एवढाच काप. चार-पाचच गोळे एका वेळी, म्हणजे हवा फिरते. अठरा मिनिटांच्या आत उघडून बघू नकोस. भेगांची खूण वर सांगितली आहे, तीच लाव.

बर्गंडीत तळघरांत वाइन चाखायला देतात तेव्हा सोबत हे पफ ठेवतात, बरेचदा कोमट किंवा गारच. तू चहाबरोबर खा, साखर जरा कमी घालून. टोमॅटोचं गरम सार असेल तर त्याहून छान.

मैद्याऐवजी कणीक चालेल का?
– एक वाचक, सहकारनगर

पाव हिस्सा चालेल, त्यापुढे नाही. आणि तीही बारीक चाळणीनं चाळून. कोंडा राहिला तर फुगताना कवच तिथेच फाटतं आणि वाफ निसटते. कणीक पाणीही जास्त ओढते, तेव्हा अंडं घालताना उलथन्याच्या शेपटाकडे नीट लक्ष ठेवा. चमचाभर जास्त लागेल.