परभणीत एवढी थंडी पडते, मग भारताचं तापमान वाढतंय असं कसं म्हणतात?

परभणीचा पारा डिसेंबरात ५-६ अंशांवर उतरतो हे खरंच. पण ते एका गावाचं, एका पहाटेचं हवामान झालं. देशाची वार्षिक सरासरी काढताना देशभरातल्या केंद्रांचं वर्षभराचं कमाल-किमान तापमान धरतात; त्यात ती पहाट कुठल्या कुठे जाते. १९०१ ते २०१८ या काळात ही सरासरी सुमारे ०.७ अंशाने वाढली. २०२४ हे हवामान खात्याच्या १९०१पासूनच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष: १९९१-२०२०च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंश जास्त.

वाढ दरवर्षी सरळ चढत नाही. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, उसळते; ला निनात, म्हणजे ते नेहमीपेक्षा थंड होतं तेव्हा, जरा दबते. म्हणून दोन-चार हिवाळ्यांवर जाऊ नका, निदान तीस वर्षं बघा. आणि परभणीचंच बघायचं तर मे महिनाही धरा की!