पाणी तर तूच घातलंस

“मावशी, मी जन्माने कॅथलिक, माहेर वसईचं, लग्न होऊन सांगलीत आले. वडिलांच्या अंत्यविधीला फादरांनी थकलेल्या वर्गणीचा विषय चारचौघांत काढला, तेव्हापासून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले नाही. ख्रिस्त माझा आहे, चर्च माझं नाही. बाळ आता आठ महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, बाप्तिस्मा करा, नाहीतर पोर नरकात जाईल. मी म्हणते, मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल. तो सातव्या महिन्यात झाला, मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) होता. एका रात्री डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा सिस्टरला विचारून मी बाटलीच्या झाकणाने त्याच्या डोक्यावर पाणी सोडलं आणि लहानपणी शिकलेले शब्द म्हटले, पण ते भीतीपोटी. ख्रिस्ताला मानायचं तर चर्चला मानलंच पाहिजे का?”

अगं, त्याने ठरवायचं काय उरलंय? तुझ्या मुलाचा बाप्तिस्मा झालाय. पुरा झालाय, पुन्हा करताही येणार नाही. जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, स्वतः ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा. डोक्यावर पाणी, ‘मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते’ हे शब्द, आणि ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, जे करते तेच करायची इच्छा, एवढं पुरतं. भीती वाटत होती म्हणून त्यात काही उणं राहत नाही.

घरी बसून प्रार्थना करणारी तू त्या रात्री नुसती प्रार्थना करून थांबली नाहीस. झाकण उचललंस. ते शब्द तुला कुणी दिले? तुझ्या आईने, वसईच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाने. ते वाचताना मला भरून आलं, आणि तू ते एका ओळीत उरकलंस याचा रागही आला.

तुझ्या प्रश्नाचं कॅथलिक उत्तर ‘हो’ असंच आहे. बायबलमधला शौल, पुढे संत पौल झाला तो, ख्रिस्ताच्या माणसांना धरायला दिमिष्काला (दमास्कसला) निघाला होता, वाटेत आवाज आला, “माझा छळ का करतोस?” छळ माणसांचा चालला होता, आणि ख्रिस्त म्हणाला ‘माझा’; म्हणजे त्याला आणि त्याच्या माणसांना वेगळं करता येत नाही. त्या वेळी शौल आंधळा झाला, आणि पुढे त्याचे डोळे उघडले तेही तिथल्या हनन्या नावाच्या ख्रिस्ताच्या शिष्याने हात ठेवल्यावर, आणि त्या हनन्याला शौलाची धास्ती होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये सांगितलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळंही ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, तेव्हा सासूबाईंनी नरकाची भाषा थांबवावी. पण त्याच परिषदेने हेही म्हटलं की ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे ठाऊक असून जो आत राहायला नाकारतो, त्याला तारण नाही. ठाऊक नव्हतं असं तू कसं म्हणशील? पेटीपाशी तुझ्या हाताला ते ठाऊक होतं.

शेजारच्या साताऱ्यात ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक राहत. ते प्रॉटेस्टंट, पण १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे झाल्यावर तेसुद्धा एकटे बसले नाहीत. ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात बोलावलं.

फादर चुकले. बापाच्या शवपेटीपाशी पैशाचं काढणं निर्दयपणाचं आहे आणि ते त्यांना तोंडावर सांग. मात्र त्यांच्यावरच्या रागापायी मुलाचं नाव चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीबाहेर ठेवू नकोस. चर्चच्या कायद्याप्रमाणे असा बाप्तिस्मा ज्याने दिला त्यानेच पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, फादरांना कळवायचं असतं, म्हणजे तू. आणि नोंद होते ती जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्या पॅरिशमध्ये. तेव्हा आधी मिरजेत चौकशी कर. या रविवारी मिस्सेला बस, मग ऑफिसात जाऊन सांग, “मी बाप्तिस्मा दिलाय, लिहून घ्या.” पुन्हा पाणी घालू म्हणाले तर नको म्हण; तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती एवढंच राहिलंय. आणि त्या रात्रीच्या सिस्टरला आजच फोन कर. एक विश्वासू साक्षीदार पुरतो.