'टेन मोस्ट वाँटेड'मध्ये पहिला नंबर कोणाचा?

अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा असलेल्या एफबीआयच्या 'टेन मोस्ट वाँटेड' फरारी आरोपींच्या यादीत पहिल्या नंबरवर कोण आणि तो नंबर कशावरून ठरतो, असं तुम्ही विचारलंय. पहिला नंबर नसतोच. यादीत दहा जण असतात आणि त्यांच्यात वरचा-खालचा असा क्रम लावलेला नसतो. फरारी आरोपीच्या नावासोबत कधी कधी पाचशेच्या घरातला आकडा वाचायला मिळतो. तो १९५० साली यादी सुरू झाल्यापासूनचा निव्वळ अनुक्रमांक आहे.

जागा रिकामी झाली की देशभरातल्या फील्ड ऑफिसांकडून नावं मागवतात. मुख्यालयात गुन्हे तपास विभागासोबत जनसंपर्क विभागही ती चाळतो आणि मग वरिष्ठांची मंजुरी लागते. जनसंपर्कवाले यात कशाला, याचं उत्तर कसोट्यांमध्येच आहे. आरोपी सराईत तरी हवा, नाहीतर सध्याच्या गुन्ह्यामुळे अत्यंत धोकादायक तरी. शिवाय देशभर प्रसिद्धी दिल्याने तो सापडायला मदत होईल, असं वाटलं पाहिजे. माझ्या मते खरी निवड या दुसऱ्या अटीवर होते. ज्याचा चेहरा आधीच घरोघरी पोचलाय, त्याला यादीत घालून तपासाच्या हाती फारसं काही लागत नाही.

बॉस्टनचा गुंड व्हाइटी बल्जर ऑगस्ट १९९९ मध्ये यादीत आला. त्याचे फोटो वर्षानुवर्षं फिरत होते, पण तो काही सापडेना. जून २०११ मध्ये एफबीआयने रोख बदलला आणि त्याच्यासोबत पळालेल्या कॅथरीन ग्रेगवर टीव्ही जाहिरात केली. तीही दुपारी, बायका बघतात त्या कार्यक्रमांच्या वेळेत, कारण ब्यूटी पार्लरमध्ये किंवा दातांच्या डॉक्टरकडे तिला कोणीतरी पाहिलं असणार, हा हिशोब. शेजारी राहून गेलेल्या एका बाईने ओळखलं आणि काही दिवसांतच दोघं कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या फ्लॅटमध्ये पकडले गेले. भिंतींमध्ये आठ लाख डॉलरहून जास्त रोकड आणि तीसेक बंदुका निघाल्या.

बल्जर यादीत असतानाच त्यात ओसामा बिन लादेनही होता आणि ७० लाख डॉलरच्या दरोड्यातला व्हिक्टर हेरेनाही. यावरून क्रम कसा लावणार?

नाव निघतं ते आरोपी पकडला गेला किंवा मेला, आरोप मागे घेतले गेले, किंवा तो कसोटीत बसेनासा झाला तर. हेरेना १९८४ पासून तब्बल ३२ वर्षं यादीत होता. २०१६ मध्ये त्याचं नाव काढलं, तेव्हाही तो फरारच होता. त्यामुळे नाव दिसेनासं झालं म्हणजे आरोपी सापडला, असं धरून चालू नका.